शिकारकथेतील खोटी हाक

शिकारकथा या साहित्यप्रकाराकडे मराठी समीक्षेने कधी गंभीरपणे पाहिले नाही. किशोरांच्या करमणुकीची पुस्तके म्हणून ती एका कपाटात ठेवली गेली, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तर त्यांच्याविषयी बोलणेही संकोचाचे झाले. असे असले तरी ग्वाल्हेर, इंदूर, देवास, बडोदे या बाजूच्या ज्या मराठी घरांत संस्थानी नोकरीची परंपरा होती, तेथील माळ्यांवर ही पुस्तके अद्याप सापडतात. त्यांच्या शेजारी एखादी हस्तलिखित वहीही असते. गेल्या वर्षभरात अशा काही वह्या आणि त्यांच्या निमित्ताने कॉर्बेट, अँडरसन यांची पुस्तके आम्ही पुन्हा वाचली. या वाचनात एकाच प्रसंगाने आमचे लक्ष वेधून घेतले. शिकारी वाघाचा किंवा बिबळ्याचा आवाज काढून त्याला बोलावतो, आणि ज्याला बोलावले तो न येता दुसराच कोणी येतो. आमच्या मते शिकारकथेचा खरेखोटेपणा जोखण्यासाठी याहून चांगली जागा नाही.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आपल्या भाषेत ‘हाक’ आणि ‘हाका’ हे शब्द एकमेकांना चिकटून आहेत, पण शिकारीत त्यांचे मार्ग पूर्ण वेगळे आहेत. हाका म्हणजे ढोल, डबे, आरोळ्या यांनी रान उठवणे. संस्थानी शिकार बहुतेक हाक्याची असे. शेकडो माणसे अर्धवर्तुळ करून पुढे सरकत आणि मचाणावर पाहुणे बसलेले असत. हाक्यात रानातले जे काही असेल ते सगळे बाहेर पडते. मोर आधी, मग ससे, कोल्हे, रानडुकरे, चितळांचा कळप, आणि निघालाच तर सर्वांत शेवटी वाघ. त्यामुळे हाक्यात अनपेक्षित असे काही नसते. मचाणावरच्या माणसाने वाघाखेरीज कशावरही गोळी झाडायची नाही, एवढाच नियम. हाकेचे तसे नाही. हाक देणारा एकटा असतो, जमिनीवर किंवा जमिनीलगत असतो, आणि ती हाक एकाच्याच नावे असते. म्हणून भलताच कोणी समोर उभा राहिला, की हाक देणाऱ्याच्या मनातली रानाची सारी कल्पना कोसळते. त्या क्षणी लेखक काय करतो, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते.

जिम कॉर्बेट यांच्यापासून सुरुवात करणे भाग आहे. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ हे त्यांचे पुस्तक १९४४ साली मुंबईहून प्रसिद्ध झाले, आणि रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबळ्यावरचे त्यानंतर तीनचार वर्षांत. रुद्रप्रयागच्या त्या बिबळ्याने १९१८ ते १९२६ या काळात १२५ माणसे मारल्याची नोंद आहे. केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रामार्गावर संध्याकाळनंतर दार उघडायला कोणी धजत नसे. या पुस्तकात पाइनच्या झाडावर बसून काढलेल्या एका रात्रीचे प्रकरण आहे. कॉर्बेट झाडावरून बिबळ्याची साद घालतात. डोंगरावरून उत्तर येते. पुन्हा साद, पुन्हा उत्तर, आणि प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा जवळून येते. एवढ्या महिन्यांच्या अपयशानंतर आता शेवट जवळ आला, असे वाचकालाही वाटू लागते. आणि तेवढ्यात दूरवरून दुसऱ्याच एका बिबळ्याची साद येते. नरभक्षक तिकडे वळतो आणि ती रात्र फुकट जाते.

आम्ही हे प्रकरण लहानपणी वाचले तेव्हा चरफडलो होतो. आता वाचताना जाणवते, की कॉर्बेट यांना हा प्रसंग गाळणे सहज शक्य होते. त्या पुस्तकात अपयशी रात्री कमी नाहीत. एखादी कमी झाली असती तर कोणाच्या लक्षातही आले नसते. शिवाय या प्रसंगात लेखकाच्या शौर्याची किंवा चुकीची काही गोष्ट नाही. त्याने केले ते सगळे बिनचूक केले, आणि तरीही रान त्याचे नव्हते. त्याच्या हाकेच्या शेजारी एक खरी हाक होती, एवढेच. कथानकाच्या सोयीच्या विरुद्ध जाणारी अशी घटना जो लेखक जागेवर राहू देतो, त्याच्या बाकीच्या विधानांवर विश्वास ठेवायला आम्ही तयार आहोत.

ठाकच्या वाघिणीची कथा याच्या उलट आहे, आणि तिच्यात एक गोष्ट अशी आहे की जी फारशी कोणी बोलून दाखवलेली आमच्या वाचनात नाही. ३० नोव्हेंबर १९३८ ची ती संध्याकाळ. अनेक दिवस बसून काही साधले नाही म्हणून कॉर्बेट परतीच्या वाटेवर आहेत. सोबत चार माणसे आणि दोन शेळ्या. वाघीण माजावर आहे आणि नराला साद घालत रानातून फिरते आहे. कॉर्बेट तिला उत्तर देतात. ती येते. एका खडकाच्या आडोशाला, उजेड संपता संपता, तिचा शेवट होतो. या कथेला सगळे ‘वाघिणीला बोलावून मारल्याची कथा’ म्हणतात. पण नीट पाहिले तर पहिली हाक तिची होती. तिच्या हाकेला ज्याने ओ दिली तो प्राणी तिला अपेक्षित नव्हता. शिकारी श्वापदाच्या सादेला अनपेक्षित प्राण्याने दिलेला प्रतिसाद, असे जर या प्रसंगाचे वर्णन करायचे, तर तो अनपेक्षित प्राणी म्हणजे माणूस. नरभक्षक जनावर मारणे आवश्यक होते याविषयी आम्हांस शंका नाही. ठाकचे गावकरी घरे सोडून गेले होते. तरीही ती शेवटची काही पाने वाचताना मनावर जे सावट येते, ते केवळ भीतीचे नाही. शत्रूला त्याच्या भुकेने नव्हे तर त्याच्या एकटेपणाने फसवले गेले आहे, ही जाणीव त्यात आहे, आणि कॉर्बेट यांच्या संयत गद्याने ती झाकलेली नाही.

केनेथ अँडरसन यांच्याविषयी थोडक्यात. हैदराबादच्या वाचकांना त्यांच्याविषयी जवळीक वाटावी. त्यांचा जन्म १९१० साली बोलारमचा. ‘नाइन मॅन-ईटर्स अँड वन रोग’ या १९५४ च्या पुस्तकातील जवळगिरीच्या वाघिणीची कथाही हाकेचीच. तिचा नर आधी मारला गेलेला, आणि अँडरसन नराचा आवाज काढून तिला बोलावतात. ठाकच्या कथेपेक्षा ही अधिक करुण व्हायला हवी होती, कारण येथे साद घालणारा आवाज जणू मेलेल्याचा आहे. पण अँडरसन यांना रात्रीच्या रानाचे इतके वेड, की वातावरण उभे करण्याच्या भरात त्यांची कथा बऱ्याचदा स्वतःच्याच प्रेमात पडते. आम्ही ती आवडीने वाचतो. कॉर्बेटइतका भरवसा मात्र तीवर ठेवत नाही.

येथे भाषेचा एक मुद्दा मांडल्यावाचून राहवत नाही. शिकारकथांच्या मराठीत वाघ जे काही बोलतो त्याला सरसकट ‘डरकाळी’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. डरकाळी फोडली जाते, रान हादरते, वानरे झाडावरून गळून पडतात. पण माजावरच्या वाघाची साद डरकाळी नव्हे. ती लांबवलेली, आतून येणारी, काहीशी विव्हळल्यासारखी असते, आणि ती काढणारा माणूस आपला आवाज मुद्दाम खाली ठेवतो. त्याने ‘डरकाळी फोडली’ असे लिहिले की जमिनीवर श्वास रोखून पडलेला माणूस एकदम नाटकातला खलपुरुष होतो. आपल्याकडे ‘साद’ हा नेमका शब्द आहे आणि त्याच्या पोटातच ‘प्रतिसाद’ आहे. तो वापरण्यात काय अडचण आहे, कळत नाही. तीच गत ‘चित्ता’ या शब्दाची. बिबळ्याला चित्ता म्हणण्याची खोड महाराष्ट्रात फार. बडोद्याच्या किंवा कोल्हापूरच्या जुन्या घरांत असे म्हटलेले चालत नसे. तेथे काळवीट मारण्यासाठी पाळलेले खरे चित्ते लोकांनी पाहिलेले होते. असो.

आता प्रश्न असा, की खोट्या हाकेला भलतेच प्राणी का येतात? शिकाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक आहे. उत्तर अमेरिकेत कोयोट आणि कोल्हे यांना बोलावण्यासाठी जखमी सशाच्या किंकाळीची नक्कल करतात, आणि त्या किंकाळीला ससाणे येतात, घुबडे येतात, चरणाऱ्या गाई येतात, आणि मांस न खाणारी हरणीही येते. हरणी कशासाठी येते याचे उत्तर २०१४ साली ‘अमेरिकन नॅचरलिस्ट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या सुसान लिंगल आणि टोबियास रीडे यांच्या निबंधात सापडते. त्यांनी मोकळ्या माळावर ध्वनिक्षेपकातून निरनिराळ्या पिल्लांचे आकांत ऐकवले. सीलच्या पिल्लाचा, मार्मोटचा, मांजराचा, वटवाघळाचा, माणसाच्या तान्ह्या बाळाचाही. आवाजाची पट्टी पाडसाच्या आवाजाच्या जवळ असेल, तर हरणी माता त्या ध्वनिक्षेपकाकडे धावून आल्या. सील हा प्राणी त्या माळावरच्या हरणीने जन्मात पाहिलेला नसतो. म्हणजे शिकारी समजतो तसा आकांत हा कोणाच्या एकट्याच्या नावे नसतो. जो कोणी ऐकेल आणि ज्याच्या आतड्याला पीळ पडेल, त्याच्यासाठी तो असतो. उलट बाजूने, शिकारी पक्ष्याचा आवाजही असाच अनेकांना खेचतो. पिंगळ्याचा आवाज ऐकला की सुभग, चष्मेवाले, शिंजीर, बुलबुल गोळा होऊन कालवा करतात. ते भुकेने येत नाहीत, त्याला हुसकून लावायला येतात. एकाच हाकेला कोणी भुकेने येतो, कोणी मायेने, कोणी रागाने. हाक देणाऱ्याला मात्र त्यांतला एकच हवा असतो.

ही सगळी चर्चा आम्ही केली नसती, जर एका वहीने आमची झोप उडवली नसती. मध्य भारतातील एका संस्थानाच्या शिकारखान्यात नोकरीस असलेल्या एका मराठी गृहस्थांची ती वही. त्यांचे चिरंजीव, वय नव्वदीच्या पुढे, आमच्या मंडळाचे जुने वर्गणीदार आहेत. वही बाळबोध अक्षरात, शिस्तीत लिहिलेली. तारीख, ठिकाण, पाहुणे कोण, जनावर कोणते, लांबी किती, गोळी कोठे. वडिलांना वाघाची साद उत्तम येत असे. मातीच्या मडक्यात तोंड घालून ते ती काढत. वहीत अशा हाकेच्या अकरा नोंदी आहेत आणि अकराही वेळा, वहीवर विश्वास ठेवावा तर, वाघच आला. आम्ही हे आश्चर्याने बोलून दाखवले. काका काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बाबांनी एक लिहिली नाही.”

त्या संध्याकाळी नाल्याच्या काठी झुडपांमागे वडील आणि एक बंदूकधारी पाहुणे बसले होते. पलीकडच्या रानात वाघ असल्याची पक्की खबर होती. वडिलांनी मडक्यातून साद घातली. काही वेळ शांतता. मग समोरच्या बोरीच्या जाळीत मोठी खसखस झाली, काहीतरी जड आणि वेगाने येत होते. पाहुण्यांनी बंदूक खांद्याला लावली. जाळी फुटली आणि बाहेर आल्या म्हशी. पाचसहा म्हशी, शिंगे खाली घातलेल्या, खांद्याला खांदा लावून, जिकडून वाघाचा आवाज आला तिकडे चालून येत होत्या. गवळ्यांना हे ठाऊक असते. वाघाचा वास किंवा आवाज आला की कळपातल्या म्हशी पळत नाहीत, फळी धरतात. पाहुणे हसले आणि त्यांनी बंदूक खाली घेतली. पण जाळीत अजून हालचाल होती, बुटकी आणि एकट्याची. पाहुण्यांनी पुन्हा बंदूक उचलली. म्हशींच्या मागे वाघ असणारच. वडिलांनी हाताने नळी वर ढकलली. गोळी आभाळात गेली. जाळीतून नऊदहा वर्षांचा एक पोरगा बाहेर आला, हातात काठी. म्हशी वाघावर धावल्या, म्हणून तोही त्यांच्या मागून वाघावर धावला होता.

काका म्हणाले, “बाबांनी त्यानंतर मडक्याला कधी तोंड लावलं नाही. कारण विचारलं की घसा बसला म्हणत.”

वहीतील त्या दिवसाची नोंद आम्ही शोधून काढली. ‘सायंकाळी नाल्यावर बसलो. काही आले नाही.’

या एका वाक्याने आमच्या वाचनाची दिशा बदलली, हे कबूल केले पाहिजे. ‘काही आले नाही’ याचा अर्थ आम्ही आजवर शब्दशः घेत आलो होतो. आता आपल्या घरांतील संस्थानी वह्यांत आणि काही छापील आठवणींतही हे वाक्य दिसले, की त्याच्या मागच्या जाळीत कोण होते असा प्रश्न पडतो. या लिखाणात वाघ नेहमी वेळेवर येतो, गोळी नेहमी खांद्यामागे लागते, आणि मधल्या रिकाम्या संध्याकाळी चार शब्दांत उरकतात. लेखनकौशल्याच्या अभावापेक्षा नोकरीची रीत हे त्याचे कारण अधिक. वही वरिष्ठांच्या नजरेखाली जाणारी, आणि पाहुण्यांच्या हातून घडता घडता राहिलेली गोष्ट कागदावर आणणे अशक्य. कॉर्बेट यांना ते स्वातंत्र्य होते. आमच्या कारकुनी पूर्वजांना नव्हते. त्यामुळे त्यांच्यात आणि कॉर्बेट यांच्यात तुलना करताना हा फरक विसरून चालणार नाही. पण वाङ्मय म्हणून ती वही उणी राहते ती राहतेच.

आपल्या परंपरेने मात्र ही गोष्ट फार आधी, आणि न लपवता, सांगून ठेवली आहे. कालिदासाच्या रघुवंशाच्या नवव्या सर्गात दशरथाची मृगया आहे. राजा हरिणावर बाण रोखतो. हरिणी मध्ये येऊन आपल्या सोबत्याला आड घालते. राजा कानापर्यंत ओढलेला बाण उतरवतो. त्याच सर्गात, थोड्याच श्लोकांनंतर, तोच राजा नदीवर घडा भरण्याच्या आवाजाला हत्तीचा आवाज समजून बाण सोडतो, आणि घायाळ होतो तो आंधळ्या मातापित्यांचा मुलगा, ज्याला आपण श्रावणबाळ म्हणतो. टीकाकारांनी या दोन प्रसंगांकडे बहुधा वेगवेगळे पाहिले. आम्हांस ते जोडूनच वाचावेसे वाटतात. डोळ्याने पाहिले तेथे राजा दयाळू राहिला. कानावर विसंबला तेथे त्याच्या हातून बालहत्या घडली. शिवाय राजाने युद्धाखेरीज हत्ती मारू नये हा दंडक होता, आणि कालिदास तो आठवून देतो. म्हणजे ज्याला तो मारू पाहत होता तोही मारण्याजोगा नव्हता. मडक्यातली साद आणि घड्यातला बुडबुडाट यांचे नाते काकांनी सांगितले तेव्हा आमच्या मनात नव्हते. घरी येऊन नववा सर्ग काढला तेव्हा ते दिसले. आणि रामायणातील मारीच? त्याची खोटी हाक तर इतकी बिनचूक, की ज्याने जायचे तोच लक्ष्मण गेला. खोटी हाक यशस्वी झाली म्हणजे काय होते, हेही आपल्याला तेव्हापासून ठाऊक आहे.

मराठीत या साऱ्यातून बाहेर पडण्याची वाट व्यंकटेश माडगूळकरांनी काढली, असे आमचे मत आहे. ते स्वतः शिकारी होते, आणि पुढे त्यांनी बंदूक बाजूला ठेवली. ‘सत्तांतर’ (१९८२) मध्ये वानरांच्या टोळ्यांतील संघर्ष आहे. तेथे लेखक कोणाला बोलावत नाही. तो बसून राहतो आणि जे येईल ते लिहितो. अनपेक्षित असे त्यात काही उरत नाही, कारण आधी अपेक्षाच धरलेली नसते. मात्र यालाही एक किंमत आहे, आणि माडगूळकरांचे भक्त ती मान्य करत नाहीत. ज्याने कधी हाकच दिली नाही त्याला चुकीच्या प्रतिसादाची शरमही कळत नाही. ‘सत्तांतर’ अतिशय शुद्ध पुस्तक आहे. कॉर्बेट यांच्या पाइनच्या झाडावरच्या रात्रीत जो अपराधी थरकाप आहे, तो त्यात नाही.

बंदूक गेली, पण हाक गेलेली नाही. हौशी छायाचित्रकार आता मोबाइलवर ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्षी बोलावतात, आणि विणीच्या दिवसांत घरटे सोडून आलेला पक्षी त्यांच्या चित्रात मोठा सुंदर दिसतो. त्या चित्राखाली तो कशासाठी आला हे लिहिलेले नसते.

काकांची ती वही त्यांच्या संमतीने मंडळाच्या ग्रंथालयात ठेवली आहे. ज्यांच्याकडे अशा वह्या असतील त्यांनी त्या, किंवा निदान त्यांची छायाप्रत, मंडळाकडे पाठवावी अशी विनंती आहे. आणि घरात कोणी वयोवृद्ध असतील, तर वहीत ‘काही आले नाही’ असे जेथे लिहिले आहे त्या तारखा त्यांना वाचून दाखवाव्यात. आमच्या काकांनी निघताना आम्हांस थांबवून एवढेच विचारले, की त्या नोंदीखाली पेन्सिलीने त्या पोराबद्दल दोन ओळी लिहिल्या तर चालतील का. नाव त्यांना आठवत नव्हते. आम्ही पेन्सिल दिली.